हरणं माफ असतं, हातावर तुरी देणं नाही

पोस्ट मोठी आहे आणि विषय बेसबॉलचा आहे. आपल्याकडे बेसबॉल कोण बघतं, हे मलाही माहीत आहे. तरी चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. मुद्दा नुसत्या खेळाचा नाही.

आधी दोन आकडे सांगतो.

१८९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचा संघ १५४ पैकी १३४ सामने हरला. त्या वर्षी घरच्या मैदानावर ४२ सामने झाले आणि सगळे मिळून प्रेक्षक आले ६,०८८. म्हणजे एका सामन्याला सरासरी १४५ माणसं. आपल्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला याच्या कितीतरी पट गर्दी असते.

१९६२ साली न्यूयॉर्क मेट्स हा संघ निकाली लागलेल्या १६० सामन्यांपैकी १२० हरला. प्रेक्षक आले ९,२२,५३०. पुढच्या वर्षी १११ हरले, तर प्रेक्षक कमी व्हायच्या ऐवजी वाढून दहा लाखांच्या वर गेले.

दोघंही सपाटून हरले. एकाकडे गावाने पाठ फिरवली, दुसऱ्याला डोक्यावर घेतलं. न्यूयॉर्क मोठं शहर, मधे साठ वर्षांचा काळ गेलेला, हे सगळं धरूनही फरक उरतोच. तो कशाचा, हे शोधायचा हा प्रयत्न.

थोडं खेळाबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये आज एक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळपास रोज. उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो आणि शंभर हरणं ही नामुष्की मानली जाते. आपण क्रिकेटवाले एका पराभवावर पेटतो. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशकडून हरलो, तर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. बेसबॉलच्या चाहत्याला असं रोज पेटणं परवडत नाही. त्याला हरण्याबरोबर संसार करावा लागतो.

आणि खेळाडूला तर जास्तच. तिथल्या ड्रेसिंग रूमला क्लबहाऊस म्हणतात. सामन्याच्या कितीतरी तास आधी खेळाडू तिथे येतात. जेवण तिथे, पत्ते तिथे, भांडणं तिथे. आणि पत्रकार म्हणून मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे सामना संपल्यावर बातमीदारांना थेट क्लबहाऊसमध्ये सोडतात. हरलेला खेळाडू पायमोजे काढत असतो आणि समोर दहा जण विचारत उभे असतात, काय चुकलं? आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी पडलेल्या उमेदवाराचा फोन स्विच ऑफ असतो. तिथे ही सोय नाही.

आता क्लीव्हलंडकडे जाऊ.

संघाचं नाव स्पायडर्स, मालक फ्रँक आणि स्टॅन्ली हे रॉबिसन बंधू. फ्रँक रॉबिसनचा धंदा शहरातल्या ट्रामचा. मैदानसुद्धा त्याने आपल्या ट्रामच्या मार्गावर बांधलं होतं, म्हणजे तिकिटाचे पैसे दोन्हीकडून. संघ वाईट अजिबात नव्हता. १८९८ साली त्यांनी ८१ सामने जिंकले होते. साय यंग हा पिचर त्यांचाच. आजही दरवर्षीच्या सर्वोत्तम पिचरला जो पुरस्कार मिळतो, तो याच साय यंगच्या नावाने.

पण गर्दी होत नव्हती. रविवारच्या सामन्यावरून कायद्याचा त्रास होता, खेळाडूंना मैदानातून अटक करण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. मालक गावावर नाराज होते. तेवढ्यात सेंट लुईस शहराचा संघ दिवाळखोरीत निघाला आणि रॉबिसन बंधूंनी तोही घेतला. एकाच लीगमध्ये दोन संघ, मालक एकच. त्या काळात याला बंदी नव्हती.

मग त्यांनी सरळ हिशेब केला. सेंट लुईस मोठं शहर, गल्ला तिथे भरेल. साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस अशी सगळी चांगली माणसं क्लीव्हलंडमधून उचलली आणि सेंट लुईसला नेली. तिथले नको असलेले खेळाडू क्लीव्हलंडला पाठवले. सीझनच्या पहिल्याच सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. साय यंगने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध पिचिंग केलं आणि सेंट लुईस १०-१ ने जिंकलं.

क्लीव्हलंडच्या माणसाने काय करावं? त्याने तेच केलं जे शहाणा माणूस करतो. तो घरी बसला. प्रेक्षक इतके कमी, की पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतून मिळणाऱ्या वाट्यात हॉटेलचा खर्चही निघेना. बाकीचे संघ म्हणायला लागले, आम्ही क्लीव्हलंडला येत नाही. मग स्पायडर्सच गावोगाव फिरायला लागले. १५४ पैकी ११२ सामने परगावी. त्यातले १०१ हरले. वर्तमानपत्रं त्यांना भटके, परागंदा अशा नावांनी हिणवू लागली.

आता या संघाच्या क्लबहाऊसचा विचार करा. लेव्ह क्रॉस हा उरलेल्यांमधला बरा खेळाडू आणि तोच मॅनेजर. सीझन सुरू असतानाच त्यालाही सेंट लुईसला नेलं. म्हणजे नियमच ठरला. तुम्ही चांगलं खेळलात, तर तुम्हाला उचलून दुसरीकडे नेणार. वाईट खेळलात, तर इथेच रेल्वेच्या डब्यात. अशा जागी कोण जीव तोडून खेळेल? शेवटच्या ४१ सामन्यांपैकी ते ४० हरले. अगदी शेवटच्या सामन्यात तर पिचर म्हणून हॉटेलातल्या सिगारच्या काउंटरवरचा पोरगा उतरवला. तो सामना १९-३ ने गेला.

आणि ज्या सेंट लुईससाठी हे सगळं केलं, त्या संघाचं काय झालं? पाचवा आला. एक घर मोडून दुसरं बांधायला गेले, तेही धड झालं नाही. वर्ष संपल्यावर लीगने बारातले चार संघ काढून टाकले, त्यात क्लीव्हलंड गेलं. एका मालकाकडे दोन संघ ठेवण्याची पद्धतही पुढे बंद झाली.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. क्लीव्हलंडच्या लोकांनी संघ हरला म्हणून पाठ फिरवली असं आकड्यावरून वाटतं. पण क्रम उलटा आहे. पहिला सामना हरायच्या आधीच मालकाने गावाला सांगून टाकलं होतं, की यंदा आम्ही जिंकायचा प्रयत्नच करणार नाही. लोकांनी पराभव नाकारला नाही. त्यांनी तो व्यवहार नाकारला.

आता मेट्सकडे.

१९५७ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये तीन मोठे संघ होते. त्यातले ब्रुकलिन डॉजर्स आणि जायंट्स हे दोन संघ त्या वर्षाअखेर उचलून कॅलिफोर्नियाला नेले गेले. डॉजर्स काही हरणारा संघ नव्हता. १९५५ मध्येच ते विजेते झाले होते. लोकांचं प्रेमही कमी नव्हतं. मालकाला दुसरीकडे जागा आणि पैसा जास्त दिसला, एवढंच. दोन पिढ्यांनी ज्यांच्यावर जीव लावला ते संघ एका सहीने गेले.

चार वर्षांनी मेट्स आले. त्यांनी रंग घेतले डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारंगी. मालकीण जोन पेसन. या बाईंकडे पूर्वी जायंट्सचे थोडे शेअर होते आणि संघ हलवायच्या ठरावाला त्यांच्या बाजूने विरोधी मत पडलं होतं. म्हणजे गाव सोडून जायला नको म्हणणारी व्यक्ती आता मालक होती. हे लोकांना कळत होतं.

खेळाडू मात्र नवीन संघाला मिळतात तसे मिळाले. दुसऱ्यांनी टाकलेले, उतारवयाचे, नाहीतर कच्चे. पहिले नऊ सामने हरूनच सुरुवात झाली. मार्व थ्रोनबेरी नावाच्या खेळाडूने एकदा जोरदार फटका मारला आणि धावत तिसऱ्या बेसपर्यंत पोचला. पण वाटेत पहिल्या बेसला पाय लावायला विसरला, म्हणून आउट. मॅनेजर केसी स्टेंगल पंचाशी भांडायला निघाले, तर त्यांना सांगण्यात आलं, साहेब, राहू द्या, दुसऱ्या बेसलाही पाय लागलेला नाही.

लोक हसले, आणि परत आले. घरून कापडाचे फलक रंगवून आणायचे. व्यवस्थापनाने सुरुवातीला ते काढून घेतले. मग लक्षात आलं की हीच आपली पुंजी आहे, आणि १९६३ पासून फलकांचा एक खास दिवसच ठरवला. डॉजर्स पाहुणे म्हणून पहिल्यांदा न्यूयॉर्कला आले, त्या दिवशी मैदानात ५५ हजारांहून जास्त माणसं होती. जुनं प्रेम, जुना राग, सगळं एका जागी.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मला क्लबहाऊसच्या आत डोकावायचं आहे.

प्रेक्षकाला हरणाऱ्या संघावर प्रेम करणं सोपं जातं, कारण तो रात्री घरी जातो. खेळाडूसाठी ‘लाडका पराभूत’ ही पदवी म्हणजे गोड शब्दातली थट्टाच. रिची अ‍ॅशबर्न हा नावाजलेला खेळाडू त्या वर्षी मेट्सकडे होता. वय ३५. त्याची सरासरी .३०६ होती. बेसबॉलमध्ये .३०० च्या वर म्हणजे उत्तम. त्याला संघाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, बक्षीस म्हणून एक बोट दिली. इतिहासातल्या सगळ्यात वाईट संघाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न तो पुढे स्वतःच गमतीने विचारायचा. ती बोटही नंतर बुडाली. अ‍ॅशबर्न आणखी खेळू शकला असता. पण तो थांबला आणि समालोचक झाला.

दुसरा रॉजर क्रेग. पिचर. १९६२ मध्ये त्याच्या नावावर २४ पराभव, १९६३ मध्ये २२. त्यात सलग १८. मागचे खेळाडू चेंडू सोडायचे, फलंदाज धावा करायचे नाहीत, पण वहीत पराभव पिचरच्या नावावर लागतो. नशीब बदलावं म्हणून त्याने पाठीवरचा आकडा बदलून मुद्दाम १३ घेतला. शेवटी ऑगस्टमध्ये जिम हिकमनने अखेरच्या डावात होमरन मारून त्याला एक विजय मिळवून दिला. हाच क्रेग पुढे विजेत्या संघाचा पिचिंग कोच झाला आणि १९८९ मध्ये मॅनेजर म्हणून जायंट्सना अंतिम मालिकेपर्यंत घेऊन गेला. हरण्याने माणूस संपतोच असं नाही. पण त्याला रोज चेंडू हातात देऊन ‘तू उद्या परत खेळणार आहेस’ असं सांगणारं कुणीतरी लागतं.

मेट्सकडे ते काम स्टेंगल करत होते. वय बहात्तरीला आलेलं, यांकीजबरोबर सात विजेतेपदं मिळवलेली. पत्रकार क्लबहाऊसमध्ये शिरले की म्हातारा बोलायला सुरू. गोष्टी, विनोद, आडवळणं. वह्या भरायच्या, आणि ज्याने चेंडू सोडला त्या पोराकडे जायला कुणाला वेळच उरायचा नाही. मला हे नेतृत्व वाटतं. थट्टा होणारच असेल, तर ती आधी आपल्या अंगावर घ्यायची. १९६९ मध्ये मेट्स विजेते झाले तेव्हा स्टेंगल निवृत्त झाले होते. पण तोपर्यंत लोक टिकले होते, हे महत्त्वाचं.

तिसरं गाव बाल्टिमोर, साल १९८८.

ओरिओल्स १९८३ चे विजेते. पाच वर्षांनी सीझनचे पहिले २१ सामने सलग हरले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. सहा पराभवांनंतर मॅनेजर कॅल रिपकन सीनियर यांना काढलं. हा माणूस १९५७ पासून याच संस्थेत होता. आणि त्याची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती. वडिलांना काढल्यावर मुलांनी त्याच क्लबहाऊसमध्ये कपडे बदलून मैदानात उतरायचं. बिलीने पुढे वडिलांचा ७ नंबर आपल्या पाठीवर घेतला. निषेध म्हणा, आदर म्हणा.

नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन. त्यांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी फोन केला. तुमची अवस्था समजू शकतो, असं रेगन म्हणाले, तर रॉबिन्सन यांनी आदराने पण ठामपणे सांगितलं की नाही, तुम्हाला नाही समजणार. तिकडे बॉब रिव्हर्स हा रेडिओ निवेदक संघ जिंकेपर्यंत स्टुडिओ सोडणार नाही असं म्हणून बसला, तो २५८ तास बसला. अखेर २९ एप्रिलला शिकागोत व्हाइट सॉक्सला ९-० हरवून पहिला विजय मिळाला.

२ मे रोजी संघ घरी परतला तेव्हा हिशेब होता एक विजय, २३ पराभव. सोमवारची रात्र. मैदानात आले ५०,४०२ लोक.

हे नुसतं प्रेम होतं का? भीतीसुद्धा होती. चारच वर्षांपूर्वी, मार्च १९८४ मध्ये, बाल्टिमोरचा फुटबॉल संघ कोल्ट्स रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला होता. राज्य सरकार संघ ताब्यात घेण्याचा कायदा करतंय याची चाहूल लागल्यावर मालकाने एका रात्रीत गाव सोडलं. आता बेसबॉलचा संघही असाच जाईल, ही धास्ती होती. ओरिओल्सचे मालक वॉशिंग्टनचे वकील, तेही लोकांच्या मनात होतंच. म्हणून त्या रात्रीची गर्दी म्हणजे एक प्रकारची हजेरी होती. आम्ही इथे आहोत, तुम्ही राहणार का?

उत्तर त्याच रात्री मिळालं. नव्या मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार झाल्याचं मालक आणि गव्हर्नर यांनी मैदानातच जाहीर केलं. सामनाही जिंकला, ९-४. पुढे ते वर्ष १०७ पराभवांनीच संपलं. पण १९८९ मध्ये जवळपास तोच फाटका संघ, बरीचशी नवी पोरं घेऊन, शेवटच्या आठवड्यापर्यंत गटविजेतेपदासाठी झुंजला. राहायचं ठरलं की घर झाडायची इच्छा होते.

अर्थात, नाण्याची दुसरी बाजू विसरू नका. नव्या मैदानाचा बराचसा खर्च राज्याने लॉटरीच्या पैशातून उचलला. म्हणजे राहण्याची किंमतही लोकांनीच मोजली. चाहत्याची निष्ठा ही मालकाच्या हातातली सगळ्यात भारी हुंडी असते आणि मालकाला ते बरोबर ठाऊक असतं.

याचं उघडंनागडं उदाहरण शिकागोचं. त्याच १९८८ च्या उन्हाळ्यात व्हाइट सॉक्सच्या मालकांनी फ्लोरिडाला जायची धमकी दिली. ३० जूनच्या मध्यरात्री इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात मुदत संपू नये म्हणून चक्क घड्याळ थांबवून मैदानाचं विधेयक पास केलं. सरकारी पैशाने नवं मैदान मिळालं.

आता २०२४ मध्ये या. मालक तेच, जेरी राइन्सडॉर्फ. व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले आणि मेट्सचा १२० चा विक्रम मोडला. मधे सलग २१ हरले, ऑगस्टमध्ये मॅनेजरला घरी पाठवलं. त्याच वर्षी मालक पुन्हा सार्वजनिक पैशातून नवं मैदान मागत होते. इथे मेट्ससारखे फलक आणि हशा नव्हता. ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा होत्या. १२० पराभव झाल्यावर घरचे शेवटचे तीन सामने उरले, तेव्हा काही लोक १२१ वा पराभव बघायलाच आले होते. आपलाच संघ हरावा म्हणून तिकीट काढणारा चाहता! याहून मोठं अविश्वासाचं मत कुठलं?

आणि खेळाडू? त्यांनी ते तिन्ही सामने जिंकले. विक्रमी पराभव पुढे डेट्रॉइटला झाला, पण शेवटच्या सहापैकी पाच सामने या संघाने जिंकले. ज्या क्लबहाऊसची सगळा देश टर उडवत होता, तिथल्या पोरांनी शेवटच्या आठवड्यात मान टाकली नाही. लोकांचा राग वरच्या माळ्यावर होता. झळ मात्र खालच्या खोलीत बसत होती.

चार गावं, एकच धागा. चाहत्याच्या अपेक्षा फार मोठ्या असतात, लोक एका पराभवात उलटतात, असं मालक मंडळी नेहमी म्हणतात. इतिहास तसं सांगत नाही. लोकांनी १२० पराभव पचवले, २१ सलग पराभव पचवले. त्यांची मागणी साधी होती. प्रयत्न करा, आमच्यात राहा, आणि आम्हाला मूर्ख समजू नका. हेच क्लबहाऊसलाही लागू. हरणारा खेळाडू उद्या परत उभा राहतो, पण वरच्यांनीच हात वर केलेत हे कळलं, की त्याच्या हातातली बॅट जड होते.

पंचवीस वर्षांची बातमीदारी माझी नाही, पण जी काही झाली त्यात सभा पाहिल्या, संस्था पाहिल्या, शाळा पाहिल्या. ‘लोकच येत नाहीत हो’ ही तक्रार सगळीकडे ऐकली. रॉबिसन बंधूंचीही हीच तक्रार होती. यापुढे ती कुणी केली, की मी एकच विचारणार आहे: लोक यायचे थांबले, त्याच्या आधी तिथून काय काय उचलून नेलं होतं?

तुमच्या डोळ्यासमोर कुठली संस्था आली, ते कमेंटमध्ये लिहा. फक्त नाव घेऊन शिवीगाळ नको.